परत येण्याचा पुरावा

दर नोव्हेंबरात बाबा आपण जिवंत असल्याचं सांगायला बँकेत जातात. बांद्याच्या बाजारातली बँक, काउंटरवर पसरलेली निवृत्तिवेतनधारकांची यादी, दोरीला बांधलेलं पेन. नावासमोर सही केली की पुढचं वर्षभर सरकार त्यांना हयात समजतं. प्राथमिक शाळेत मास्तरकी केलेल्या माणसाला हजेरीचं काय कौतुक? जन्मभर दुसऱ्यांची घेतली, आता स्वतःची द्यायची, इतकंच. सही करून ते समोरच्या हॉटेलात चहा घेतात आणि यंदा यादीतली कुठली नावं गेली ते घरी येऊन आईला सांगतात. आई प्रत्येक नावाशी हातातलं काम थांबवते आणि पुन्हा सुरू करते.

या खेपेला मी त्यांच्याबरोबर होते. चहाचा कप बशीत ठेवत म्हणाले, “जिवंत आसंय ह्याचो दाखलो झालो. आता तुझो तो दुसरो खंयचो?”

दुसरा म्हणजे परत येण्याचा.

येत्या मे महिन्याच्या अखेरीस आम्ही लिस्बनला जायचं घाटतंय. आई, बाबा, नवरा, लेक आणि मी. घाटतंय असंच म्हणायचं, कारण अजून व्हिसा व्हायचाय. त्याच्या कागदांची यादी समोर घेऊन बसलं की सहल बाजूला राहते आणि माणूस स्वतःच्याच घराची झडती घेऊ लागतो. पासपोर्ट, ३५ बाय ४५ मिलिमीटरचे फोटो, जाण्यायेण्याच्या तिकिटांचं आरक्षण, प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा पत्ता, बँकेचा उतारा, प्राप्तिकराचं विवरण, ऑफिसचं रजेचं पत्र, ३० हजार युरोंचा विमा. यादी लांबलचक, पण तिचा रोख एकाच गोष्टीकडे. तुम्ही तिथे काय बघणार याची तिला फारशी उत्सुकता नाही. तुम्ही परत जाणार ना, हे ती नाना तऱ्हांनी विचारत राहते. व्हिसा नाकारताना जी छापील कारणं दिली जातात त्यांतही हे एक आहेच: मुदत संपायच्या आत तुम्ही निघून जाल याबद्दल शंका वाटते. ही शंका कागदांनी दूर करायची. मोठ्यांसाठी ९० युरो, बारा वर्षांखालच्या लेकीसाठी ४५. शंका दूर झाली नाही तरी पैसे परत मिळत नाहीत.

पुण्यातला आमचा व्हिसा सल्लागार हा विशी-पंचविशीतला अतिशय नम्र मुलगा आहे. “मॅडम, टाईज स्ट्राँग दाखवायचे,” तो म्हणतो. म्हणजे तुम्हाला इथे काय काय बांधून ठेवतं ते. नवऱ्याने शांतपणे गृहकर्जाचे कागद त्याच्यापुढे सरकवले. इतक्या हप्त्यांचा धनी पळून जाईल अशी शंका जगातल्या कुठल्याही वकिलातीला येऊ नये, असं त्याचं प्रामाणिक मत आहे. लेकीसाठी शाळेचा दाखला. बाबांसाठी पेन्शनची कागदपत्रं, आणि सल्लागाराने अगदीच आग्रह धरला म्हणून जमिनीचा सातबारा. बाबांनी तो काढून पाठवला. त्यावर आजोबांच्या भावांपासून मुंबईत जन्मून मुंबईतच राहिलेल्या चुलत-चुलतांपर्यंत सगळं गणगोत नांदत होतं. आणेवारीने बाबांच्या वाट्याला आलेली जमीन बघून सल्लागार गप्प झाला. मग म्हणाला, “हा राहू द्या.”

खरं तर बाबांना बांधून ठेवणाऱ्या गोष्टींना कागदच नाही. तारखा ठरवताना ते कळलं. मे महिना म्हणताच त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी काही अभद्र बोलले असावे. आंबे झाडावर सोडून माणूस कुठे जातो का? मग फणस. मग पावसाच्या आधी नळे परतायचे, माणसं सांगून ठेवायची, लाकडं आत घ्यायची. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस दाराशी येतो आणि तेव्हा घरचं माणूस घरात लागतं. दुसऱ्या टोकाला लेकीची शाळा, ती जूनच्या मध्यावर उघडणार. आंबा संपणं आणि शाळा उघडणं यांच्या फटीत आमची सहल बसवायची होती. त्यात नवऱ्याने शोधून काढलं की १२ जूनच्या रात्री लिस्बनमध्ये संत अँथनीचा उत्सव असतो, जुन्या वस्तीच्या गल्ल्यांतून लोक घराबाहेर शेगड्या मांडून तारली भाजतात. रस्त्यावर मासे भाजणारी राजधानी म्हटल्यावर आईने प्रथमच या विषयात लक्ष घातलं. विचारलं, “तिरफळां घालतत?”

इतरांनी आम्हाला शहाणपणाचे सल्ले दिले. पहिल्यांदा युरोप आणि लिस्बन? पॅरिस नाही, स्वित्झर्लंड नाही? आईवडिलांना घेऊन जाताय तर सरळ टूरबरोबर जा. बसमध्ये मराठी बोलणारा माणूस असतो, संध्याकाळी वरणभात मिळतो, बर्फात फोटो निघतो. यातलं काही खोटं नाही, आणि वरणभाताची थट्टा करण्याइतकी मी तरुण राहिलेले नाही. पण शहर आम्ही निवडलंच नव्हतं. गेल्या वर्षी बाबांना सहज विचारलं होतं की परदेशात कुठे जावंसं वाटतं का. त्यांनी वर्तमानपत्रातून मान वर न काढता लिस्बन म्हटलं होतं, जणू कितीतरी वर्षं ते उत्तर तयार ठेवून बसले होते.

१९५५ च्या ऑगस्टात बाबा आठ वर्षांचे होते. बांद्यापुढे पत्रादेवी आणि पत्रादेवीपासून गोवा. हुकूमशहा सालाझारच्या हिशेबाने तर तिथून पोर्तुगालच, कारण १९५१ मध्ये राज्यघटनेत फेरफार करून त्याने वसाहतींना सागरापलीकडचे प्रांत ठरवून टाकलं होतं. म्हणजे बाबांच्या लहानपणी पोर्तुगाल चालत जाण्याच्या अंतरावर होता. त्या श्रावणात देशभरातून सत्याग्रही आले. भर पावसात, एकमेकांची भाषा न कळणारी माणसं. शाळेच्या पडवीत ओल्या घोंगड्या, आणि आजीने पाठवलेल्या पेजेच्या टोपाभोवती बसलेले अनोळखी काका. १५ ऑगस्टला ते सीमेकडे गेले. गोळ्या चालल्या. पंजाबातून आलेला कर्नैलसिंग पत्रादेवीला पडला. त्याचं आणि इतर हुतात्म्यांचं स्मारक आज तिथे आहे. बाबांना आठवतो तो खाटेवरून परत आणलेल्या एका माणसाचा खाली लोंबणारा हात. तो माणूस जिवंत होता की नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरात बेतीच्या पोलीस ठाण्यावरच्या हल्ल्यात मोहन रानडे जखमी होऊन पकडले गेले. सांगलीचे रानडे गोव्यात सावई-वेऱ्याला मास्तर होते. शिक्षा २६ वर्षांची. १९६० मध्ये त्यांना लिस्बनला नेलं आणि शहराजवळच्या काशियासच्या किल्ल्यात ठेवलं. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, पण रानडे तिथेच राहिले. सुधीर फडक्यांनी त्यांच्या सुटकेसाठी इथे समिती उभारून जिवाचं रान केलं. तमिळनाडूचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी पोपच्या भेटीत स्वतःसाठी काही न मागता रानड्यांची सुटका मागितली, असं सांगतात. अखेर १९६९ च्या जानेवारीत ते सुटले. तोवर बाबा स्वतः मास्तर झाले होते. त्या सगळ्या वर्षांत त्यांच्या कानावर लिस्बन हे नाव पडलं ते एकाच वाक्यातून: अमक्याला लिस्बनला नेलं. शाळेच्या नकाशात ते शहर म्हणून सापडेपर्यंत लिस्बन हे तुरुंगाचंच नाव आहे असं त्यांना वाटायचं.

आमच्या फायलीला या गोष्टीचा पत्ता नाही. तिच्यातल्या प्रवासाचा उद्देश या रकान्यात ‘पर्यटन’ लिहिलंय. रानड्यांना नेताना त्यांच्या परतण्याचा पुरावा कुणी मागितला नव्हता.

विम्याची गोष्ट सांगायला हवी. हा जो ३० हजार युरोंचा विमा असतो, त्यात उपचारांबरोबर, माणूस तिकडे दगावला तर त्याला मायदेशी आणण्याचा खर्चही धरलेला लागतो. सत्तरीपुढच्यांना हप्ता अर्थातच जड. मी फोनवर बाबांना कलमं वाचून दाखवत होते. ते ऐकत होते आणि मध्येच म्हणाले, “म्हणजे मी मेलंय तरी माका परत हाडतले?” होय, म्हटलं. त्यांना तो नियम फार आवडला. पुढे कितीतरी दिवस येणाऱ्याजाणाऱ्याला ते सांगत होते की जिवंत किंवा मेलेला, काही झालं तरी माणूस बांद्याला परत येणार अशी युरोपने व्यवस्था केली आहे.

मला त्यावरून वास्को द गामा आठवला. लेकीच्या इतिहासाच्या पुस्तकात तो आहेच: १४९७ च्या जुलैत चार जहाजं घेऊन बेलेमहून निघाला, दुसऱ्या वर्षी कालिकतला पोचला. निघालेल्यांपैकी निम्म्याहून कमी माणसं परतली, हे पुस्तकात नसावं. त्याचा सख्खा भाऊ पाउलू परतीच्या वाटेवर अझोर्स बेटांपर्यंत येऊन मेला. गामा स्वतः तिसऱ्या खेपेला व्हाइसरॉय म्हणून आला आणि १५२४ च्या नाताळच्या आदल्या दिवशी कोचीत वारला. तिथेच पुरला. त्याची हाडं पोर्तुगालला पोचायला १५३९ उजाडलं, आणि आज जिथे लोक रांगा लावून त्याची समाधी बघतात त्या जेरोनिमोस मठात ती आली १८८० मध्ये. त्याच मठात समोर कामोइंश या महाकवीची समाधी आहे. हाही गोव्यात राहून गेलेला. मात्र १७५५ च्या भूकंपात त्याचं मूळ दफनस्थान उद्ध्वस्त झालं, त्यामुळे संगमरवरी पेटीत आहेत ती हाडं त्याचीच का, याची खात्री देता येत नाही. परत आल्याचा पुरावा देणं मोठमोठ्यांनाही जमलेलं नाही, असं मी नवऱ्याला म्हटलं. तो एक्सेलमध्ये मठाच्या तिकिटाचे पैसे भरत होता. म्हणाला, सोमवारी बंद असतो.

गामाच्या समाधीवरून आमच्या घरात दोन तट आहेत. लेकीला ती बघायचीच आहे, कारण परीक्षेत आलेला माणूस खरोखर दगडात झोपलेला दिसणार. बाबा म्हणाले, बघूया, पण त्याने १५०२ मध्ये हज यात्रेकरूंचं जहाज माणसांसकट जाळलं तेही तिला तिथेच उभं राहून सांगेन. मठ ज्या पैशातून उभा राहिला त्यात पूर्वेकडच्या मसाल्यांच्या व्यापारावरचा कर होता. मसाला आपला, मठ त्यांचा. आईने विचारलं, आत जाताना चपला काढायच्या असतात का? नाही, म्हटलं. “मग बरां,” म्हणाली. बूट काढा-घाला करण्याचा तिला कंटाळा येतो. बाबांनी मात्र त्यातून वेगळा अर्थ काढला आणि समाधानाने मान हलवली.

आईचा अर्ज भरायला मी सगळ्यात शेवटी घेतला. मनात वाटलं होतं की हा सोपा. गृहिणी, नवऱ्याबरोबर प्रवास, खर्च मुलगी करणार. जन्मस्थान: पेडणे. जन्मवर्ष: १९५१. आणि मग शेंगेन अर्जातला तो रकाना आला. सध्याचं राष्ट्रीयत्व विचारल्यावर त्याच्याखाली विचारतात, जन्माच्या वेळचं राष्ट्रीयत्व वेगळं असल्यास ते लिहा.

मी थांबले. पेडणे बांद्यापासून काही मैलांवर. आईचं माहेर तिकडचं, आणि लग्नाच्या वेळी दोन्ही घरांमधली सीमा पुसली गेलेली होती. पण १९५१ मध्ये ती होती. आई सालाझारच्या पोर्तुगालमध्ये जन्मली. बाबा सीमेच्या अलीकडे नुकत्याच स्वतंत्र झालेल्या भारतात वाढले. पोर्तुगालच्या कायद्याने १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आजही तिथल्या नागरिकत्वावर हक्क सांगता येतो, त्यांच्या मुलांना-नातवंडांनाही. आमच्या मामेकुळातले दोघं-तिघं त्या वाटेने गेले, लिस्बनच्या दप्तरात आपले जन्म नोंदवून घेतले आणि तिथून इंग्लंडात कामाला लागले. सल्लागार मुलाचे डोळे लकाकले. म्हणाला, “मॅडम, आईंना तर व्हिसाच लागणार नाही! पासपोर्टच काढा.” म्हणजे एकाच घरात एकाने आपण परत येणार याची शपथ घ्यायची आणि दुसऱ्याला तिकडे कायमचं राहायचं निमंत्रण. भारताचं नागरिकत्व सोडावं लागेल, हे त्याने जरा हळू आवाजात सांगितलं.

आईला विचारलं, जन्माच्या वेळी तू कोण होतीस? ती नारळ खवत होती. म्हणाली, “घरात जन्मलंय. ता सुईणीक इचारूक होया.”

मग थोड्या वेळाने तिने स्वतःहून सांगितलं. सीमा बंद झाली तेव्हा पलीकडच्या मावशीकडे जाणंयेणं थांबलं. मावशीकडच्या बारशाला, बाराव्याला कोणी गेलं नाही. तिच्या वडिलांकडे पोर्तुगीज शिक्क्याचा एक कागद होता, तो गोवा सुटला त्या दिवसांत घाबरून चुलीत घातला की फणसाखाली पुरला, यावर मामांमध्ये वाद होता. तो कागद असता तर म्हणे आज अमुक इतक्या लाखांचा झाला असता. आई हसली. “थंय जाऊन मी काय करतलंय?” हा तिचा प्रश्न वकिलातीच्या सगळ्या शंकांना पुरून उरणारा होता, पण तो जोडायला अर्जात जागा नाही.

पोर्तुगालने गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं ते १९७४ च्या शेवटच्या दिवशी, दिल्लीत. करारावर त्यांच्याकडून मारियू सोआरिश आणि आपल्याकडून यशवंतराव चव्हाणांची सही आहे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लिस्बनच्या रस्त्यावर सैनिकांच्या बंदुकांत लोकांनी कार्नेशनची फुलं खोचली होती, कार्मोच्या चौकातल्या बराकीत पंतप्रधान काएतानूने शरणागती दिली होती, आणि दोनच दिवसांत काशियासच्या तुरुंगातले राजबंदी बाहेर आले होते. रानडे त्यांच्या पाच वर्षं आधीच सुटले होते. बाबांना हे सगळं तारीखवार पाठ आहे. त्यांच्या टिपणवहीत लिस्बनची जी यादी आहे त्यात ट्राम नाही, केक नाही, मत्स्यालय नाही. पहिल्या ओळीत कार्मो, दुसरीत अल्जूब. हा कॅथेड्रलजवळचा जुना राजकीय तुरुंग, २०१५ पासून तिथे संग्रहालय आहे. तिसऱ्या ओळीत काशियास. तो आजही तुरुंगच आहे, आत जाता येत नाही, हे मी त्यांना सांगितलं. म्हणाले, आत कोणाला जायचंय?

आता आमचा दिवसवार आराखडा. हाही अर्जाला जोडावा लागतो: कोणत्या दिवशी कुठे. नवऱ्याने रंगीत तक्ता केला. पहिला दिवस अल्फामा आणि वरचा किल्ला. दुसरा बेलेम: मठ, बुरूज, १८३७ पासून चाललेलं ते कस्टर्डच्या पेस्ट्रीचं दुकान, आणि नदीकाठचं शोधयात्रांचं स्मारक. तिसऱ्यात कश्काइशच्या गाडीने काशियास. सल्लागाराने तक्ता वाचला आणि लाल पेनाने ती ओळ खोडली. “जेलला कशाला जाताय? उगाच प्रश्न येतील.” त्याच्या जागी त्याने ‘समुद्रकिनाऱ्यावर विश्रांती’ असं लिहिलं. बाबांना पहिल्यांदा राग आला. मग त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, त्या काळी निरोप असेच पाठवायचे. आंबोलीच्या जंगलातून गोव्याच्या मुक्तीचं गुप्त रेडिओ केंद्र चालायचं तेव्हाची त्यांना आठवण झाली असावी. तेव्हापासून आमच्या घरात काशियासला ‘विश्रांती’ म्हणतात.

बाकीच्यांच्या यादीची गंमत वेगळी. लेकीला २८ नंबरची पिवळी ट्राम हवी आहे, ती अल्फामाच्या गल्ल्यांतून भिंतींना जवळजवळ घासत जाते आणि शेवटी प्राझेरेशच्या दफनभूमीपाशी थांबते. आईला यातलं काहीच नको होतं. मग नवऱ्याने तिच्यासाठी काबो द रोका सुचवलं. युरोपच्या मुख्य भूमीचं सर्वांत पश्चिमेकडचं टोक, उंच कड्याखाली अटलांटिक, पुढे अमेरिकेपर्यंत नुसतं पाणी. ती नीट ऐकून म्हणाली, “पश्चिमेक समुद्र आमच्याकडेय आसा.” काबो द रोका रद्द. त्याऐवजी तिने बाजार मागितला. तिथे खारवून वाळवलेला कॉड मासा फळीसारखा रचून ठेवतात, हे तिने व्हिडिओत बघितलं होतं. हा मासा तिकडच्या समुद्रात मिळत नाही, नॉर्वेहून येतो, तरी घरोघरी लागतो. तिच्या दृष्टीने पावसाळ्यासाठी डब्यात भरून ठेवलेल्या सुक्या बांगड्यासारखीच ही गोष्ट, फक्त आकार मोठा. त्यामुळे ते लोक तिला एकदम ओळखीचे वाटू लागले.

शोधयात्रांच्या स्मारकाबद्दल एक गोष्ट वाचली तेव्हापासून मला ते वेगळंच दिसतं. १९६० मध्ये बांधलेलं, जहाजाच्या नाळेच्या आकाराचं. त्यावर राजपुत्र हेन्री सर्वांत पुढे आणि मागे दर्यावर्दी, धर्मोपदेशक, नकाशे काढणारे. सगळ्यांची तोंडं नदीकडे, निघण्याच्या तयारीत. १९७५ मध्ये अंगोला आणि मोझांबिक स्वतंत्र झाले आणि तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली लाखो पोर्तुगीज माणसं वर्ष-दीड वर्षात परतली. परतली तरी म्हणायचं कसं? त्यांतल्या कितीतरी जणांनी लिस्बन कधी पाहिलंच नव्हतं. त्यांच्या संसाराचे लाकडी खोके जहाजांतून आले आणि याच स्मारकाभोवती रचले गेले. त्याची छायाचित्रं आहेत. निघालेल्यांचे पुतळे वर, परतलेल्यांची भांडीकुंडी खाली. बाबांना ते छायाचित्र दाखवलं. त्यांनी खूप वेळ पाहिलं. “बिचारे,” एवढंच म्हणाले. हा शब्द त्यांनी पोर्तुगीजांसाठी वापरलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

रात्री सगळे झोपल्यावर मी त्या शहराच्या रस्त्यांवरून संगणकावर फिरते. हा उद्योग पेसोआ या कवीला आवडला असता. लहानपण दक्षिण आफ्रिकेत काढून तो १९०५ मध्ये लिस्बनला परतला आणि पुढची तीस वर्षं त्याने ते शहर जवळजवळ सोडलंच नाही. मात्र १९२५ च्या सुमारास त्याने प्रवाशांसाठी लिस्बनची माहितीपुस्तिका इंग्रजीत लिहिली: बंदरात उतरलात की गाडीतून काय काय बघाल. ती त्याच्या कागदांत पडून राहिली आणि छापून आली १९९२ मध्ये. आज चिआदूच्या एका जुन्या कॅफेबाहेर तो ब्राँझचा होऊन बसलाय, लोक शेजारच्या खुर्चीत बसून फोटो काढतात. मरणानंतर तो आधी प्राझेरेशला होता, १९८५ मध्ये त्याला जेरोनिमोसला आणलं. गामाच्या शेजारी म्हणा हवं तर. न हललेला आणि सगळीकडे जाऊन आलेला, दोघं एकाच छपराखाली.

संगणकावरच्या माझ्या फिरण्यात एक मोठी उणीव आहे. चढ कळत नाही. सात टेकड्यांचं शहर म्हणतात. भूकंपानंतर मार्किश पोंबालने काटकोनात आखून घेतलेला बायशाचा भाग सपाट, पण अल्फामा चढावरच, आणि अल्जूब त्या चढाला लागूनच. फुटपाथ पांढऱ्या चुनखडीच्या आणि काळ्या दगडाच्या लहान तुकड्यांनी जडवलेले. पाऊस पडला की त्यांवरून पाय सरकतो. बाबांचा उजवा गुडघा पायऱ्या उतरताना आवाज करतो. चढावर नेणाऱ्या दोरखंडाच्या गाड्या होत्या आमच्या तक्त्यात, पण २०२५ च्या सप्टेंबरात त्यांतली ग्लोरियाची गाडी सुटून १६ माणसं गेली, आणि आईने ती बातमी कापून फ्रिजवर लावली. १९०२ ची ती लोखंडी सांता जुस्ता लिफ्ट आहे. तिच्याबद्दलही आईचं मत चांगलं नाही. बाबा म्हणतात, बांद्याहून मोपाच्या विमानतळावर जाताना पत्रादेवीवरूनच जायचं आहे. तेवढं झालं तरी अर्धी सहल झाली. पुढचं गुडघ्याने ठरवावं.

आईच्या अर्जातला रकाना मी शेवटी तिच्याच सांगण्यावरून भरला. ‘भारतीय’. “सुईण आमचीच होती,” ती म्हणाली.

फाईल पूर्ण झाली आहे, पुढच्या आठवड्यात बोटांचे ठसे द्यायला जायचंय. लेकीला बारा पूर्ण नाहीत, त्यामुळे तिला ते द्यावे लागत नाहीत, आणि याचं तिला फार वाईट वाटलं आहे. हे वाचणाऱ्यांपैकी कुणी लिस्बनला जाऊन आलं असेल, तर एवढं जरूर कळवा: कॅथेड्रलपासून अल्जूबच्या दारापर्यंत अठ्ठ्याहत्तरीचा माणूस काठी टेकत जाऊ शकेल का, आणि वाटेत बसायला एखादा कठडा आहे का. खरं सांगा. फोटोत चढ दिसत नाही.